काचेच्या कपाटातली जाळी

१

मंगळवारी सकाळी क्लायपेदावर असं धुकं उतरलं होतं की खाडीपलीकडची वाळूची टेकाडं तर सोडाच, समोरून येणारा माणूससुद्धा हात लांबवल्यावरच खरा वाटत होता. बंदरातल्या क्रेनांचे नुसते माथे वर तरंगत होते. शहर अजून अर्धवट झोपेत होतं, आणि त्या झोपेतच कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगितलं की कोपाची जाळी चोरीला गेली.

कोपा हा आमच्या गावचा बास्केटबॉल क्लब, आणि ती जाळी म्हणजे आमचं दैवत. देश नवानवा स्वतंत्र झाला होता, सभागृहात ऊब नव्हती, खेळाडू लोकरीच्या टोप्या घालून सराव करत होते, अशा वर्षी कोपाने युरोपातल्या बड्याबड्या क्लबांना पाणी पाजून करंडक आणला. जिंकल्यावर रीतीप्रमाणे एकेक खेळाडू शिडीवर चढला, कात्रीने जाळीचा वरचा एकेक फास कापून त्याने आठवण म्हणून खिशात घातला, आणि उरलेली जाळी कर्णधार गळ्यात घालून घरी घेऊन आला.

तेव्हापासून ती स्टेडियमच्या दालनात, काचेच्या उंच कपाटात, एका नारिंगी रिंगवर लटकत होती. जणू आत्ताच तिच्यातून चेंडू गेला असावा. लोक येता-जाता काचेला बोटं लावत. नवी जोडपी तिच्यासमोर फोटो काढत आणि मुलं झाली की त्यांना उचलून दाखवायला आणत.

यंदाचा हंगाम तर स्वप्नातच चालला होता. ऑक्टोबरात ज्याला कुणी खिजगणतीत धरत नव्हतं त्या कोपाने इस्तंबूलला जाऊन जिंकून दाखवलं, माद्रिदवाल्यांना घरी बोलावून हरवलं, आणि एप्रिलात साखळीची शेवटची फेरी आली तेव्हा एवढंच उरलं होतं: शुक्रवारी अथेन्सच्या संघाला हरवलं की पहिल्या आठांत. त्या सामन्याआधी एक सोहळा ठरला होता. जुन्या संघातले खेळाडू जगाच्या पाठीवर जिथे असतील तिथून, आपापला जपलेला फास घेऊन येणार होते. जाळी कपाटातून काढायची, आणि ज्याने जो तुकडा कापला तो त्याने पुन्हा तिथेच गाठ मारून बांधायचा. गावभर पोस्टर लागली होती.

आणि आता कपाटात नुसती रिंग होती.

२

मिल्दा हे आमच्याकडे प्रेमदेवतेचं नाव. पण क्लबच्या अध्यक्षाने घाईघाईने जिला बोलावून घेतलं त्या मिल्दा योनकुतेने उभी हयात लोकांना फाऊल देण्यात घालवली होती. ती रेफरी होती. युरोपभर एक शिट्टी वाजवायची आणि त्याबदल्यात सभागृहाच्या हजार शिट्ट्या खायच्या, कारण आमच्याकडे नाराजी शिट्टीनेच दाखवतात. आता ती निवृत्त होऊन घरामागे मुळे लावत होती, आणि मुळे उलटून बोलत नाहीत म्हणून सुखी होती.

"पोलिसांना बोलव की," ती अध्यक्षाला म्हणाली.

अध्यक्ष स्किरमान्तस कपाळ पुसत होता. "शुक्रवारी सामना आहे, बाई. पोलिस आले की पेपरवाले आले. तू बघ. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

"हे तू म्हणतोस? तूच ना तो, वरच्या रांगेतून मला आंधळी कोंबडी म्हणायचास?"

"ते सामन्यातलं बोलणं. सामन्यात माणूस सख्ख्या आईलाही म्हणतो."

मग त्याने सांगितलं ते असं. दालनात कॅमेरा होता, पण कपाट खांबाआड होतं आणि कॅमेऱ्याला फक्त दार दिसत होतं. सोमवारी सकाळी साफसफाई झाली तेव्हा जाळी जागेवर होती. त्यानंतर दालन बंद होईपर्यंत तिघंच आत गेली. एक झिता, प्रेक्षकांचे कोट सांभाळणारी. दुसरा वायदोतस, त्या जुन्या संघाचा कर्णधार, जो हल्ली पाहुण्यांना स्टेडियम दाखवत फिरतो. आणि तिसरा लेव्हॉन, संघातला अमेरिकन, ज्याच्या जिवावर हा सगळा हंगाम उभा होता.

"लेव्हॉनच," स्किरमान्तस म्हणाला. "बेलग्रेडला शेवटच्या क्षणी दोन्ही फ्री थ्रो हुकवले आणि आपण एका गुणाने हरलो. वर पत्रकारांना काय म्हणाला? दोरीचा तुकडा काही माझ्यासाठी चेंडू टाकत नाही. गाव पेटलंय. त्याला विचारलं तर तोंडातून अक्षर काढत नाही. शुक्रवारपर्यंत दुसरा कुणी सापडला नाही तर मला त्याला घरी पाठवावं लागेल."

"चोर म्हणून?"

"मग काय पाहुणा म्हणून?"

चोर म्हणून घरी गेलेल्या खेळाडूला दुसरा क्लब दारात उभा करत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. आणि लेव्हॉनशिवाय अथेन्सला हरवणं म्हणजे हातात चाळण घेऊन खाडी उपसणं, हेही माहीत होतं.

मिल्दा कपाटासमोर उभी राहिली. सामन्यात चेंडूकडे सगळं जग बघतं. रेफरी तीन असतात, आणि त्यातल्या दोघांनी चेंडू सोडून बाकी सगळीकडे बघायचं असतं. तिची नजर तशी घडली होती. सकाळपासून जो येत होता तो रिकाम्या जागेकडे बघून हळहळत होता. मिल्दाने वर रिंगकडे पाहिलं. रिंगच्या खालच्या अंगाला जाळी अडकवायचे हुक होते. सगळे धड, सगळे स्वच्छ. कुठे दोरीचं कुसळ नाही, गाठ नाही, कापल्याचा तुकडा नाही.

"कुलूप किल्लीने उघडलंय," ती म्हणाली, "आणि जाळी हुकांतून एकेक करून सोडवलीय. चोराने कात्री का नाही लावली? एका मिनिटात काम झालं असतं."

"भक्त असेल. हात धजावला नसेल."

"असेल. नाहीतर..." मिल्दा मध्येच थांबली. तिच्या मनात काहीतरी हललं होतं, पण धुक्यातल्या क्रेनसारखं त्याचं नुसतं टोक दिसत होतं.

"नाहीतर काय?"

"नाहीतर मला चहा हवाय. कोटांच्या खोलीत मिळतो ना?"

३

एप्रिलात कोट फार नसतात. रिकाम्या खुंट्यांच्या रांगांमध्ये झिता निळा डगला घालून बसली होती, आणि काळ्या पावावर लोणी लावत होती.

"या, शिट्टीबाई," ती म्हणाली. "चौकशीला आलात की चहाला?"

"दोन्हीला. कपाटाची किल्ली कुठे असते?"

"त्या खिळ्यावर. कुणीही घ्यावी, कुणीही ठेवावी. देवळाला कुलूप कशाला, असं म्हणायचे."

"सोमवारी कुणी घेतली?"

"माझी पाठ होती."

मिल्दा हसली. ही बाई हजारांच्या गर्दीत कुणाचा कोट कुणाच्या अंगावर गेला ते ओळखायची. एकदा खुद्द महापौराला दरवाजातून परत बोलावून तिने त्याच्या अंगावरून दुसऱ्याचा कोट उतरवला होता. आणि जेमतेम दोन माणसं आली-गेली त्या दिवशी हिची पाठ होती.

"झिता, तुझा पोविलस त्या संघात होता ना?"

"होता." झिताची सुरी पावावर थांबली. पोविलस, तिचा नवरा, जिंकलेल्या संघातला सगळ्यात उंच गडी. करंडक आला त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात तो गोठलेल्या खाडीवर मासे धरायला गेला, आणि त्याच्या पायाखालचं बर्फ फुटलं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तिच्यासमोर बोलत नसे. "त्याला ते छोटे मासे फार आवडायचे. ताजे असले की त्यांना काकडीचा वास येतो. अजून कुणी काकडी चिरली की मी खोलीबाहेर जाते."

"जाळी गेल्याचं दुःख नाही झालं तुला? त्याचा हात लागलेली ती."

झिताने तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या डोळ्यांत दुःख होतं, पण जाळी गेल्याचं नव्हतं, हे मिल्दाला लगेच कळलं.

"चहा निवतोय," झिता म्हणाली. "आणि त्या अमेरिकन पोराला छळू नका. तो मला रोज नमस्कार करतो. आपली पोरं कोट फेकून पळतात."

"म्हणजे त्याने नेली नाही?"

"मी म्हटलं ना, माझी पाठ होती."

४

वायदोतस खाडीपलीकडे राहायचा. मिल्दा फेरीबोटीत चढली तेव्हा धुक्यात दोन्ही काठ बुडाले होते. बोट चालतेय की खाडीच खालून सरकतेय ते कळत नव्हतं. डेकवरची माणसं हळू आवाजात बोलत होती, शुक्रवारचंच बोलत होती. जाळी नाही म्हणजे नशीब नाही, एक बाई म्हणाली, आणि तिच्या नवऱ्याने मान हलवली. मिल्दाला वाटलं, हे सगळं गावच एक स्वप्न बघतंय आणि त्याला हलवून जागं करायचं काम मूर्खासारखं आपण अंगावर घेतलंय.

पाइनच्या झाडांखाली वायदोतसचं लाकडी घर होतं. तो दारातच उभा होता, अजून ताठ, अजून देखणा. फक्त हात थरथरत होते. दोन वर्षांपासून ते दुखणं त्याला जडलं होतं. त्याने बीटाचं गार सार वाढायला घेतलं तेव्हा पळी भांड्यावर वाजत राहिली आणि अर्धं सार टेबलावर सांडलं. मिल्दाने काही न बोलता त्याच्या हातातून पळी घेतली.

"त्या रात्रीचं सांग," ती म्हणाली. "अंतिम सामन्याचं."

त्याचा चेहरा उजळला. "तुला काय सांगू, मिल्दा! शेवटचा भोंगा झाला आणि मला काही ऐकूच येईना. सगळे तोंड उघडून ओरडत होते पण पाण्याखाली असल्यासारखं शांत. मग कुणीतरी कात्री आणली. पोविलस पहिला. त्याला शिडीच्या दोन पायऱ्या पुरल्या, गधडा कुठला. फास कापला आणि दातात धरून खाली आला. मग एकेक जण. सगळ्यात शेवटी मी. माझा फास कापला तशी अख्खी जाळी माझ्या हातात आली."

"अख्खी सुटून?"

"मग? वरचे सगळेच फास कापल्यावर ती राहील कशाला रिंगवर?"

हे वाक्य बोलला आणि वायदोतस घाईघाईने सांडलेलं सार पुसू लागला. खिडकीबाहेर एक पक्षी ओरडला. मिल्दा सार पीत राहिली, जणू तिने काही ऐकलंच नव्हतं.

"कपाटात ती कुणी लावली होती?" तिने विचारलं.

"मीच."

"आणि शुक्रवारी तिथे तुकडे बांधायचे, ही कल्पना कुणाची?"

"स्किरमान्तसची. मला विचारलं नाही. पोस्टर छापून झाल्यावर सांगितलं." तो खुर्चीतून उठला. "मिल्दा, तो पोरगा निर्दोष आहे. लिहून घे माझ्याकडून."

"मग दोषी कोण?"

वायदोतस तिचा कोट आणायला वळला. निघताना त्याने तिला कोट घालायला मदत करू पाहिली आणि त्याला ते जमलं नाही. त्याच्या स्वतःच्या सदऱ्याची बटणंसुद्धा अर्धीच लागली होती. मिल्दाने ती लावून दिली. आणि लावता लावता तिच्या मनात आलं की ज्या माणसाला बटण लावता येत नाही, त्याला तेवढे सगळे फास हुकांतून अलगद सोडवता येणं शक्य नाही.

५

लेव्हॉन सरावाच्या जुन्या हॉलमध्ये एकटाच होता. संशय आल्यापासून त्याला संघाबरोबर सरावाला बंदी होती, म्हणून तो सगळे गेल्यावर येत असे. वरच्या काचांतून धुकट उजेड झिरपत होता, आणि त्या उजेडात तो उंच माणूस एका टोकाला चेंडू टाकायचा, चालत दुसऱ्या टोकाला जायचा, तिथे टाकायचा, पुन्हा परत. मिल्दा भिंतीकडच्या बाकावर बसली. ती आल्याचं त्याने पाहिलं, पण चेंडू थांबवला नाही.

"मी काही सांगणार नाही, बाई," तो तिथूनच इंग्रजीत म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"सांगितलं तर शब्द कसला?"

"हाकलून देतील. चोराचा शिक्का घेऊन जाशील."

"आईला काय सांगायचं तेवढंच जमवायचंय," लेव्हॉन म्हणाला. तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "ती माझा एकही सामना चुकवत नाही. तिकडे भर दुपारी पडदे ओढून टीव्हीसमोर बसते."

मिल्दाला त्याची दया आली, आणि रागही आला. असल्या मुक्या लोकांमुळेच चोर सोडून संन्याशाला फाशी होते. "त्या जाळीबद्दल तू वाईट बोललास ते खरं?"

"मी म्हणालो ती दोरी आहे. दोरीच आहे." चेंडू हातात फिरवत त्याने एकदम विचारलं, "बाई, तुम्ही कधी जाळी कापलीय?"

"रेफरीला कोण कात्री देतं?"

"मी कापलीय. शाळेत असताना, एकदा. म्हणून म्हणतो, ज्याने स्वतः कापलीय त्यालाच..." आणि जीभ चावावी तसा तो थांबला. पाठ वळवून त्याने पुन्हा चेंडू टाकला.

मिल्दाने डोळे मिटून घेतले. थकवा होता, आणि आवाजही छान होता. चेंडू जमिनीवर, पावलं, क्षणभर शांतता, मग जाळी. इकडच्या टोकाला सर्रकन, कोरडा आवाज. तिकडच्या टोकाला मऊ, जड, कुणी उशीवर हात टेकवावा तसा. पुन्हा सर्र. पुन्हा ते मऊ. सर्र हा नायलॉनचा आवाज, हल्ली सगळ्याच जाळ्यांचा. पण तो दुसरा तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पूर्वी जाळ्या सुताच्या असायच्या तेव्हाचा होता तो.

तिने डोळे उघडले आणि तिकडच्या रिंगकडे पाहिलं. जाळी पिवळट होती, दोरी जाड होती.

चेंडू लेव्हॉनच्या हातातच राहिला. ती कुठे बघतेय ते त्याला कळलं होतं.

६

गुरुवारी दुपारी तिने त्या सगळ्यांना त्याच हॉलमध्ये बोलावलं. झिता डगल्यातच आली. वायदोतस काठी टेकत आला. लेव्हॉन भिंतीला टेकून उभा राहिला, आणि स्किरमान्तस आल्याआल्या म्हणाला, "चोर कुठाय?"

"आधी जाळी बघ," मिल्दा म्हणाली आणि वर बोट केलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. सोमवारपासून तुझा संघ रोज तिच्यात चेंडू टाकतोय आणि जाळी नाही म्हणून रडतोय."

स्किरमान्तस रिंगखाली जाऊन उभा राहिला.

"जाळी लपवायला रिंगइतकी चांगली जागा नाही," मिल्दा पुढे म्हणाली. ती सावकाश बोलत होती, निर्णय समजावून सांगावा तशी. "पण मला खटकलं ते निराळंच. कपाटात ती हुकांना अडकवलेली होती, आणि चोराने ती न कापता सोडवली. म्हणजे तिचे वरचे फास शाबूत होते. पण आपली जाळी तर फास कापूनच उतरवली होती. कापलेली जाळी हुकांना अडकेल कशी? तीस वर्षं ती आपल्या डोळ्यांसमोर लटकत होती आणि कुणालाच हा प्रश्न पडला नाही."

"जुने खेळाडू आले होते की बघायला!" स्किरमान्तस म्हणाला.

"डोळे भरून आल्यावर फास कुणाला दिसतात?" हे झिता बोलली, आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे कपाटातली जाळी ती नव्हतीच," मिल्दा म्हणाली. "आणि शुक्रवारी खेळाडू आपापले तुकडे घेऊन आले असते तर बांधायला जागाच सापडली नसती. सगळ्या गावासमोर. ज्याला हे टाळायचं होतं त्यानेच ती हलवली. कपाटात ती कुणी लावली होती? वायदोतसने. पण त्याच्याने बटण लागत नाही. मग त्याच दिवशी आणखी कोण आत होतं, उंच, स्थिर हातांचं? ज्याने स्वतः कधीतरी जाळी कापलीय, आणि म्हणून ज्याच्या एका नजरेत खरं काय ते आलं होतं?"

सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळलेल्या बघून लेव्हॉनने मान खाली घातली.

"ऑक्टोबरातच त्याने मला विचारलं होतं," वायदोतस म्हणाला. आवाज अगदी सपाट होता. "हे फास पुन्हा कुणी शिवले, म्हणून. मी त्याला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. सोमवारी मी कात्री घेऊन स्टुलावर चढलो होतो. पण कात्री लावायला हात होईना. खोटी आहे हे मला माहीत, मीच याच हॉलमधून नेऊन टांगलेली, तरी होईना. आणि सोडवायला तर हे हात..." त्याने ते पुढे केले. "हा आला, मला खाली उतरवलं, आणि एकेक फास सोडवला. कुठे ठेवू, म्हणाला. मी म्हटलं, जिथून आणली तिथे."

"आणि खरी कुठाय?" स्किरमान्तस ओरडला.

 मग झिता म्हणाली, "माझ्या पोविलसजवळ."

तिने ते फार साधेपणाने सांगितलं. बर्फाखालून काढला तेव्हा त्याचं अंग इतकं गार होतं की तिला दुसरं काही सुचेना, त्याला ऊब द्या एवढंच ती म्हणत होती. गावात तेव्हा ऊब कुठे होती? वायदोतसने घरी जाऊन ती जाळी आणली आणि शवपेटी बंद करण्याआधी तिने ती त्याच्या छातीवर पांघरली.

 मग स्किरमान्तसचा चेहरा एकदम खुलला, आणि मिल्दाला त्याच वेळी त्याच्या डोक्यातलं कळलं.

"अरे मग सोपं आहे!" तो म्हणाला. "ही जाळी खाली उतरवू, फास कापून टाकू, कपाटात ठेवू. जाळी सापडली! उद्या तुकडे बांधू. कुणाला काही कळायचं कारण नाही."

"आणि सापडली कुठे म्हणून सांगशील?"

"सरावाच्या... हॉलमध्ये."

"जिथे लेव्हॉन एकटा असतो. आणि चोर कोण?"

स्किरमान्तसची नजर लेव्हॉनकडे गेली.

"तू काही बोलणार नाहीस, आणि गाव आपलं आपण समजून घेईल," मिल्दा म्हणाली. "पोराला जन्मभर ते चिकटेल." ती वायदोतसकडे वळली. "तुझ्यासाठी तो गावाच्या शिव्या खातोय. मंगळवारपासून तू काय केलंस?"

"फोन हातात घेत होतो. पण हात..."

"हातांवर ढकलू नकोस, वायदोतस. तुझी जीभ थरथरत नाही."

हे लागलं. जाणूनबुजूनच मारलं होतं. वायदोतस काठीवर वाकला आणि मग हळूच म्हणाला, "उद्या मी सांगेन. सगळ्यांसमोर."

"मग ऐक," स्किरमान्तस कपाळ पुसत म्हणाला. "याचं नाव उद्याच्या संघात ठेवतो. तू बोललास तर तो खेळेल. नाही बोललास तर मी गावाशी भांडू शकत नाही, वायदोतस. तो तसाच विमानतळावर जाईल."

लेव्हॉनला आमची भाषा बाजारहाटापुरतीच येत होती. मिल्दाने त्याला सगळं समजावून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "म्हाताऱ्यावर जबरदस्ती करू नका."

७

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं होतं. बाहेर धुकं तसंच होतं, आणि लोक दारातून आत येत तेव्हा त्यांच्या केसांवर दव असे. सरावाच्या वेळी लेव्हॉन मैदानावर आला आणि चारी बाजूंनी शिट्ट्या सुरू झाल्या. मिल्दाने असल्या शिट्ट्या आयुष्यभर ऐकल्या होत्या. त्या आपल्यासाठी नसल्या की जास्त लागतात, हे तिला त्या दिवशी समजलं. लेव्हॉन खाली मान घालून संघाच्या बाकाशी आला, जिथे अध्यक्षाने मिल्दालाही बसवलं होतं, आणि ट्रॅकसूट न काढताच तिच्याजवळ बसला.

दिवे मंद झाले. जुने खेळाडू, आता पोट सुटलेले, केस पिकलेले, मैदानात ओळीने उभे राहिले. आणि वायदोतस माइक घेऊन मधोमध गेला.

"मी," तो म्हणाला.

माइक त्याच्या दातांवर आपटत होता. तो ठक ठक आवाज सगळ्या सभागृहात घुमला. गड्याला भरून आलंय असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच. त्या टाळ्यांनीच त्याची वाचा बसली होती. इतकं प्रेम करणाऱ्यांना काय सांगायचं?  पलीकडे स्किरमान्तस प्रशिक्षकाच्या कानात काहीतरी सांगायला वाकला.

तेवढ्यात खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्यातून झिता आली. निळा डगला, पायांत बाहेरचे बूट, चकचकीत लाकडी फरशीवरून ती सरळ मधोमध चालत गेली. तिने वायदोतसच्या हातातून माइक काढून घेतला.

"मी झिता," ती म्हणाली. "तुमचे कोट सांभाळते. तुमची जाळी माझ्या नवऱ्याच्या छातीवर आहे. त्याला पुरला तेव्हा मी ती मागितली, आणि वायदोतसने दिली. कपाटात टांगली ती सरावाच्या रिंगवरची. ज्याला खरी हवी असेल त्याने फावडं घेऊन यावं. मी तिथे उभी असेन."

तिने आधी वायदोतसकडे आणि मग बाकावरच्या लेव्हॉनकडे बोट केलं.

"हे लपवायला वायदोतसने ती काढली, आणि त्याचे हात चालत नाहीत म्हणून त्या पोराने मदत केली. चोरलं काही नाही. म्हाताऱ्याची अब्रू राहावी म्हणून तो गप्प बसला आणि तुमच्या शिट्ट्या खाल्ल्या. आता आणखी वाजवायच्या असतील तर मला वाजवा." तिने माइक वायदोतसच्या खिशात खोचला. "मी जाते. खाली कोटांजवळ कुणी नाही."

ती गेली. वायदोतस तिथेच उभा रडत होता, आणि त्याच्या जुन्या सोबत्यांपैकी कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात टाकला. मग वरच्या रांगेत, जिथून सगळ्यात जास्त शिट्ट्या येतात तिथे, एक माणूस उठून उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा. बघता बघता अख्खं सभागृह उभं राहिलं, एकही टाळी न वाजवता, एकही शब्द न बोलता, आणि ती हजारो तोंडं लेव्हॉनकडे वळली.

लेव्हॉन बाकावर आक्रसला. "बाई," तो कुजबुजला, "काय म्हणाली ती? मला जायला सांगतायत का?"

मिल्दाला खूप काही सांगायचं होतं. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"तू खेळतोयस," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याला बराच वेळ लागला, आणि तोवर कुणीही खाली बसलं नाही.